स्वल्प वाकडी फांदी

एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याला निदान दहा-वीस वर्षं ओळखलेलं असावं, असं मला वाटतं. मी गोविंदण्णांना अडीच वर्षंच ओळखतो, तेही त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहणारा विद्यार्थी म्हणून. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि अर्जाशिवाय कुणी काही लिहिलेलं नाही. त्यामुळे हे लिहिणं माझ्या आवाक्यातलं आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. पण कुणीतरी लिहायला हवं, आणि अण्णा स्वतः लिहिणार नाहीत. ते फक्त टॅग लिहितात.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. अण्णांच्या घरी एकही पाखरू नाही. पिंजरा नाही, दाण्यांची पिशवी नाही, काही नाही. आणि तरी आमच्या भागात ज्यांच्या ज्यांच्या घरी पाखरं आहेत, त्यातल्या बहुतेकांच्या पिंजऱ्यात अण्णांनी दिलेली फांदी आहे. पेरूची, जांभळाची, तुतीची, कडुनिंबाची. पाखरांना बसायला खऱ्या झाडाची फांदी मिळाली पाहिजे, आणि ती धोक्याची नसली पाहिजे, एवढ्या एका कामासाठी हा माणूस रोज सकाळी आमच्या बनशंकरी भागात फिरतो. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत करवत, शर्टाच्या खिशात व्हर्नियर. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचा स्टीलचा चिमटा. लोक खिशात पेन ठेवतात तसा ते ठेवतात.

अण्णांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे कन्नड मुलखात आले. "घोड्यावरनं आले, तम्मा," ते मला सांगतात, "आणि परत जायला रिकामा घोडा मिळाला नाही." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांच्या नातवाच्या वयाचा आहे, पण पहिल्या दिवसापासून तम्माच. त्यांच्या मराठीत कन्नड इतकी मिसळलेली, की जत तालुक्यातून आलेल्या मलाही सुरुवातीला थांबून ऐकावं लागायचं. नको म्हणायचं तर 'बेडा', बरं म्हणायचं तर 'सरी', आणि दर वाक्यात एकदा 'स्वल्प'. स्वल्प चहा, स्वल्प सरक, स्वल्प गप्प बस.

छत्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात काढली. मशीनवरून निघालेला प्रत्येक भाग मोजायचा आणि त्याला टॅग लावायचा. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळा म्हणजे होल्ड, म्हणजे निर्णय व्हायचाय. केसाएवढा फरक दिसला की लाल. आणि आता याच माणसाची तक्रार अशी, की फांदीत फरक का नाही.

विजेच्या तारांवर आलेल्या फांद्या छाटायला माणसं येतात, तेव्हा अण्णा त्यांच्याआधी झाडाखाली हजर असतात. एकदा मीही बरोबर होतो. शिडीवरच्या लाइनमननं पेरूची एक सुंदर, छडीसारखी फांदी खाली सोडली. "घ्या अण्णा, एकदम सरळ आहे!"

अण्णांनी तीन जागी व्हर्नियर लावला आणि मान हलवली. "सगळीकडे सारखीच जाडी. रिजेक्ट. मला स्वल्प वाकडी दे की रे."

"लोकांना जावई सरळ पाहिजे, सून सरळ पाहिजे," लाइनमन शिडीवरून म्हणाला, "तुम्हालाच कसं सगळं वाकडं पाहिजे?"

"जावयावर कुणी झोपत नाही," अण्णा म्हणाले.

यामागचं कारण त्यांनी मला समजावलं, तेव्हा मी आधी हसलो आणि मग माझ्याच पायांकडे बघितलं. "तम्मा, तुला एकाच फरशीवर जन्मभर उभं केलं तर? झोपायचं पण तिथंच, उभ्यानं. दुकानातनं पिंजरा आणला की आत गुळगुळीत काठ्या येतात, या टोकापासनं त्या टोकापर्यंत सारख्या. पाखरू कुठंही बसलं तरी तळव्यावर भार एकाच जागी. मग तिथं लाल होतं, मग जखम. झाडावर कधी दोन जागा सारख्या बघितल्यास? तिथं पाय दर वेळी वेगळा पडतो. म्हणून स्वल्प वाकडं पाहिजे."

फांदी देणाऱ्याला ते तीन प्रश्न विचारतात, नेहमी त्याच क्रमानं. झाड कुठलं? रहदारीच्या रस्त्याला लागून आहे का? औषध मारता का? एकदा एका बाईंनी मोठ्या अभिमानानं त्यांना अंगणात नेलं. झाड बटर फ्रूटचं, म्हणजे ॲव्होकाडोचं होतं. अण्णा साप दिसल्यासारखे दोन पावलं मागं आले.

"अय्यो, विष आहे हे पाखरांना!"

"विष?" बाई भडकल्या. "आम्ही रोज ज्यूस करून पितो!"

"तुम्ही प्या की. तुम्ही काय पिंजऱ्यात बसून साल कुरतडणार आहात?"

त्या घराचं फाटक आम्हाला कायमचं बंद झालं. कण्हेर लावलेल्या घरांशी तर त्यांचं आधीच पटत नाही.

फांदी पहिल्या फेरीत टिकली तरी सुटका नाही. ती घरी येते, कडक ब्रशनं घासली जाते, वर उकळतं पाणी. साबण बेडा. साल काढायची नाही, कारण पाखरं ती सोलत बसतात, तोच त्यांचा खेळ. पॉलिश, रंग, काही नाही. टोकं कानशीनं गोल करायची. मग गच्चीवर उन्हात, आणि भोकं दिसली, किडीचा संशय आला, तर मंद ओव्हनमध्ये. तो ओव्हन अक्कांचा आहे. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी, सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. मुलीनं केकसाठी घेऊन दिलेल्या त्या ओव्हनमध्ये आजवर एकही केक झालेला नाही.

"छत्तीस वर्षं लोखंड तपासलं, आता लाकूड," अक्का गच्चीवर सांडगे उलटताना म्हणतात. सांडगे, माझे कपडे आणि अण्णांच्या फांद्या एकाच उन्हात वाळतात. "मला मात्र एकदाही तपासलं नाहीत."

"तुला होल्डवर ठेवलंय," अण्णा म्हणतात.

"बेचाळीस वर्षं?"

"घाई करून चालत नाही."

टॅगचा नाद फांद्यांपुरता नाही. ते बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून अजून छापून आणतात. मी केलेल्या भाताला लाल टॅग मिळालेला आहे. माझ्या पहिल्या सेमिस्टरच्या निकालाला पिवळा. नोकरीच्या मुलाखतीसाठी इंग्रजीत पाठ केलेलं, स्वतःची ओळख करून देणारं माझं भाषण त्यांनी एकदा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "फार गुळगुळीत आहे, तम्मा. कुठं पाय ठरत नाही." मी ते भाषण बदललं. मुलाखतीत तिथंच जरा अडखळलो, आणि कंपनीनं मला घेतलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीहून परत येताना मी त्यांच्यासाठी भेट आणली. आमच्याकडे द्राक्षाच्या बागा. छाटणी नुकतीच झालेली, बांधावर कापलेल्या वेलांचे ढीग. त्यातलं एक जुनं खोड मी निवडलं. गाठीगाठींचं, पिळलेलं, कुठं अंगठ्याएवढं तर कुठं मनगटाएवढं. रात्रभर बसमध्ये मांडीवर घेऊन आलो.

अण्णांनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी माझे सगळे मार्क विसरलो. व्हर्नियर काढलासुद्धा. मग थांबले. "औषध?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण माझे वडील त्याच बागांत औषध फवारायला जातात. पाठीवर पंप घेऊन, दुसऱ्याच्या वेलांवर. त्याच कामावर मी शिकतोय. आमच्या भागात द्राक्षाला किती वेळा फवारणी होते, हे मला कुणी शिकवायला नको होतं, आणि तरी ते खोड उचलताना मला सुचलं नव्हतं. मी होय म्हणालो.

त्यांनी खिशातून लाल टॅग काढला आणि सुतळीनं बांधला. मला फार लागलं. मी खोलीकडे निघालो, तर मागून आवाज आला.

"तम्मा, वडील तोंडाला काय बांधतात फवारताना?"

"टॉवेल," मी म्हणालो.

 दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी एक खोकं होतं. आत रबरी कडांचा, दोन्ही गालांशी गाळण्या असलेला मुखवटा, हातमोजे आणि डोळ्यांवरचा चष्मा. मुखवट्याला हिरवा टॅग होता, आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, 'गाळण्या बदलत राहणे.'

तर असे अण्णा. पण त्यांची एक गोष्ट मला कळत नव्हती. ते कुणाच्या घरी फांदी बसवायला गेले की आधी पाखराला दुसऱ्या खोलीत न्यायला सांगायचे. पाण्याच्या वाटीवर फांदी येणार नाही, अशी जागा बघून, मोठा वॉशर आणि नट लावून ती घट्ट बसवायचे, हलवून बघायचे आणि निघायचे. पाखरू परत पिंजऱ्यात जायच्या आत ते रस्त्यावर असायचे. फांदीला टॅग पिवळाच. "शेवटचा इन्स्पेक्टर पाखरू आहे," ते सांगायचे. "एक पाय पोटात घेऊन, डोळे मिटून झोपलं, म्हणजे पास. तेव्हा मला फोन करा." फोन आला की वहीत हिरवी खूण. पण बघायला कधी जात नसत. चहाला बोलावलं तरी नाही.

मग या पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलीनं, रेखाताईंनी, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर एक फोटो ठेवला. रेखाताई विमानतळावर नोकरी करतात आणि देवनहळ्ळीजवळच्या नव्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहतात. शहर एकच, टोकं दोन, आणि सणाशिवाय येणं नाही. बापलेकीचा फोन मी ऐकलेला आहे, कारण अण्णा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. "जेवलात, अप्पा?" "जेवलो. तू?" "जेवले." मग फोन अक्कांकडे.

फोटोत पिंजरा होता. आत राखाडी रंगाचं, पिवळ्या तुऱ्याचं कॉकटील, काकाकुव्याच्या जातीचं लहान पाखरू, आणि त्याच्या पायाखाली पिंजऱ्याबरोबर आलेली प्लॅस्टिकची सरळ दांडी.

अण्णांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. मग चक्क मोबाइलच्या काचेवर व्हर्नियर लावला.

"रेघा पडतील!" अक्का ओरडल्या. "फोन करून सांगा की तिला, दांडी बदल म्हणून."

"बेडा, बेडा."

त्या दिवसापासून ते फांदी शोधायला लागले. आणि एकही पास होईना. पेरूची बारीक, जांभळाची जास्तच बारीक, तुतीच्या टोकाला किडीचं भोक. जी फांदी दुसऱ्या कुणाला त्यांनी आनंदानं दिली असती, ती रेखाताईंसाठी लाल होत होती. तीन आठवड्यांत गच्चीवर लाल टॅगांचा ढीग झाला. जेवणाच्या ताटावर बसूनही त्यांची बोटं हवेत जाडी मोजत होती.

शेवटी मी अक्कांना विचारलं. त्या सांडगे उलटत होत्या, उलटतच राहिल्या.

"रेखा नऊ वर्षांची होती. दोन बजी आणली होती तिच्यासाठी, ते लहान पोपटासारखे असतात ना, ते. दुकानातली काठी ह्यांना पसंत नाही. स्वतः लेथवर बसून सागवानाची काठी काढली. इकडून तिकडे पंधरा मिलिमीटर, केसाचा फरक नाही. आरशासारखं पॉलिश. हिरवा टॅग लावला. गल्लीला दाखवली."

त्यांनी आणखी एक सांडगा उलटला.

"काही महिन्यांनी त्यातली एक, पुट्टी नाव तिचं, हा पाय उचलायची, तो पाय उचलायची, सारखी. रेखा टाळ्या वाजवायची, अप्पा, बघा, पुट्टी नाचते! हे म्हणायचे, नाचू दे, काठी पास आहे. मग एक दिवस पुट्टी खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टरनं तळवे दाखवले. नाचत नव्हती रे. तिला उभं राहवत नव्हतं."

खालून अण्णांच्या ब्रशचा आवाज येत होता.

"पोरगी रडली, ओरडली असती तर बरं झालं असतं. काही बोलली नाही. पण त्याआधी ती चित्र काढलं की घेऊन यायची, पेपर मिळाला की घेऊन यायची, पास का, अप्पा? हे हिरवा टॅग लावायचे. ते तिनं थांबवलं. परत कधी विचारलं नाही."

त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. आमच्या परड्यात शेळ्यांच्या पाण्याच्या टाकीशेजारी आईनं लावलेला एक द्राक्षवेल आहे. द्राक्षं इतकी आंबट, की शेळ्यासुद्धा विचार करतात. मी वडिलांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "त्यास्नी सांग, ह्या वेलावर म्या कधी पंप धरला न्हाई. तुझ्या आईनं धरू दिला नसता. आन् सांग, मुखवटा रोज लावतोय."

चार दिवसांनी वेलाचं खोड बेदाण्याच्या ट्रकमधून यशवंतपूरच्या बाजारात उतरलं. वडिलांनी ते आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं होतं. मी ते घेऊन आलो तेव्हा अण्णा फाटकातच उभे होते. त्यांनी चौदा जागी व्हर्नियर लावला. चौदा आकडे, एकासारखा दुसरा नाही. ते हसले नाहीत, फक्त खोडावरून हात फिरवत राहिले. मग घासणं, उकळतं पाणी, आठ दिवस ऊन, अक्कांचा ओव्हन. आणि पिवळा टॅग.

"घेऊन कोण जाणार?" अक्कांनी विचारलं.

"मला कामं आहेत," अण्णा म्हणाले.

"कामं! आठ दिवस एकच लाकूड पुसताय."

शनिवारी मीच बसनं देवनहळ्ळीला गेलो. रेखाताईंनी दार उघडलं, त्या ड्यूटीच्या कपड्यांतच होत्या. मी पुडकं पुढे केलं आणि अण्णांनी पाठ करून घेतलेलं सगळं एका दमात सांगितलं. वाटीवर बसवायची नाही. वॉशर मोठा लावायचा. जुनी दांडी लगेच काढायची नाही, नवीन वस्तूला पाखरू बिचकतं, त्याला त्याचा वेळ घेऊ द्यायचा.

त्यांनी टॅग उलटून बघितला. "अजून छापतात?"

"हो. झेरॉक्सवाल्याकडून."

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. त्यांनी स्वतःच पाना आणला आणि फांदी बसवली. मग हलवून बघितली, अगदी अण्णा बघतात तशी, दोनदा. कॉकटील तुरा ताठ करून दुसऱ्या कोपऱ्यात पळालं.

"नाव काय ह्याचं?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"होल्डवर आहे," त्या म्हणाल्या. आणि मग आम्ही दोघंही हसलो.

परत आल्यावर अण्णांनी मला फक्त एवढंच विचारलं, की वॉशर बसला का. मी बसला म्हणालो. नावाचं सांगितलं तेव्हा ते काहीतरी शोधायच्या निमित्तानं आत गेले.

नंतरचे दिवस कसे गेले ते अक्कांना विचारा. फोन आंघोळीला जाताना बाथरूमच्या दारात, जेवताना ताटाशेजारी. झाडाखाली लाइनमननं हाका मारल्या तरी लक्ष नाही. एकदा त्यांनी दूध आणायला निघताना पिशवीऐवजी करवत नेली. चौथ्या दिवशी रेखाताईंचा अक्कांना मेसेज आला, पाखरू अजून फांदीजवळ जात नाही. सातव्या दिवशी आला, साल कुरतडायला लागलंय, पण बसतं प्लॅस्टिकवरच. अण्णा म्हणाले, "सरी." आणि पुन्हा फोनकडे बघत बसले.

अकराव्या दिवशी, दुपारी अडीचला, मी जेवायला खाली आलो होतो. फोन वाजला. अण्णांनी सवयीनं स्पीकर लावला.

"अप्पा?"

"हां. जेवलीस?"

"अप्पा, एक पाय वर घेतलाय."

अण्णा उभे राहिले. "कशावर बसलंय?"

"तुमच्या फांदीवर. मधे ती जाड गाठ आहे ना, तिथं."

"डोळे?"

"मिटलेत."

अक्कांनी हातातला डाव भांड्यात ठेवला. अण्णांचा हात खिशाकडे गेला, व्हर्नियर चाचपून तिथंच राहिला. ते बोलायला लागले आणि थांबले, पुन्हा लागले. इतका लहान आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"नाचत नाही ना ग?"

 पलीकडे एक विमान घरावरून गेलेलं ऐकू आलं, दूर दूर जाईपर्यंत.

"नाही, अप्पा," रेखाताई म्हणाल्या. "झोपलंय. रविवारी तुम्ही दोघं या. त्याचं नाव ठेवायचंय."